गुरगुरणं तेवढं बंद झालं

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



कुत्र्यांबद्दलची पत्रं आपल्या कार्यालयाला नवी नसणार. भटक्या कुत्र्यांची संख्या, निर्बीजीकरणाचा खर्च, रेबीजची लस, सोसायटीत खायला कोण घालतो यावरून होणाऱ्या हाणामाऱ्या. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला, तेव्हापासून तर या विषयावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण झालंय. माझं पत्र त्या कुत्र्यांबद्दल नाही. सोफ्यावर झोपणाऱ्या, महापालिकेचा परवाना असलेल्या, ज्यांच्या वाढदिवसाला केक येतो अशा कुत्र्यांबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर, महिन्याची फी घेऊन या कुत्र्यांना जे ‘शिकवलं’ जातं त्याबद्दल.

सकाळी सहा-साडेसहाला शहरातल्या एखाद्या मोकळ्या मैदानावर जाऊन बघा. ट्रेनर बाइकवरून येतो. सोबत साखळी, एक आखूड काठी किंवा गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र. सात-आठ महिन्यांचा लॅब्रडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड त्याच्या हाती सोपवला जातो. गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी. ‘हील’ म्हणायचं आणि हिसका द्यायचा. ‘सिट’ म्हणायचं आणि कमरेवर दाबायचं. नाहीच बसला तर पाठीवर फटका. काही दिवसांत कुत्रा पायाला चिकटून चालायला लागतो. कान मागे, शेपूट पोटाखाली, मध्येच स्वतःचं नाक चाटतोय, झोप आलेली नसताना जांभया देतोय. मालक मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि घरच्या ग्रुपवर टाकतात: बघा, किती शांत झालाय.

नाक चाटणं, जांभई, चुकवलेली नजर, मागे पडलेले कान: कुत्र्यांच्या वागणुकीचं शिक्षण घेतलेल्या कुठल्याही पशुवैद्याला तो व्हिडिओ दाखवा, तो सांगेल की या चारही खुणा एकत्र दिसल्या तर कुत्रा शांत झालेला नसतो, घाबरलेला असतो. सगळे ट्रेनर असे नाहीत हे आधीच सांगून टाकते. काठी कधीच टाकून दिलेले, खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन येणारे ट्रेनर पुण्या-मुंबईत आहेत आणि वाढताहेत. पण मालकाला यांच्यातला आणि त्यांच्यातला फरक कळायचा कसा? दोघांच्याही कार्डावर ‘डॉग ट्रेनर’ एवढंच छापलेलं असतं.

मारानं काहीच होत नाही, असं माझं म्हणणं नाही. होतं. कुत्रा जे करत होता ते त्या क्षणी थांबवतो. घोळ नेमका तिथेच आहे, कारण त्या थांबण्याचं बक्षीस मारणाऱ्याला मिळतं. भुंकत होता, फटका दिला, गप्प झाला. पुढच्या वेळी हात आधी उठतो. या व्यवहारात पटकन आणि पक्कं कोण शिकत असेल तर तो माणूस. कुत्र्याकडे पाहिलं तर गणित वेगळं आहे. शिक्षेनं एखादी सवय खरोखर मोडायची असेल तर ती कृती होताक्षणी, एखाद्या सेकंदाच्या आत मिळावी लागते. प्रत्येक वेळी, न चुकता मिळावी लागते. आणि पहिल्याच खेपेला पुरेशी जबर असावी लागते. प्रयोगशाळेत हे जमतं. ऑफिसला जाणाऱ्या, फोनवर बोलत कुत्रा फिरवणाऱ्या माणसाला जमत नाही. तो हलक्या फटक्यानं सुरुवात करतो, कुत्रा त्याला सरावतो, मग फटका थोडा मोठा होतो, मग चप्पल, मग पट्टा. कुणीही क्रूर व्हायचं ठरवून या टोकाला जात नाही. पद्धतच तिथवर घेऊन जाते.

चपलेचंच उदाहरण घ्या, कारण प्रत्येक श्वानपालकाच्या घरी ते घडलेलं असतं. दुपारी एकटा असताना कुत्र्यानं चप्पल फाडली. संध्याकाळी सात वाजता मालक आला, चिंध्या पाहिल्या, कुत्र्याला मानेला धरून चपलेपाशी नेलं आणि झोडपलं. कुत्र्याच्या हिशेबात चप्पल फाडण्याचा आणि माराचा काहीही संबंध नाही; मध्ये सहा तास, दोन झोपा आणि खिडकीतून पाहिलेली बरीच मांजरं गेलेली असतात. त्याला समजतं ते एवढंच की संध्याकाळी दार उघडलं की कधीकधी मार पडतो. दुसऱ्या दिवशी मालक आल्यावर तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि मालक म्हणतो, ‘बघा, चूक केली की याला बरोबर कळतं.’

या ‘बरोबर कळतं’ची परीक्षा झालेली आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं. आत कधी कुत्रा खायचा, कधी नाही. पण मालकाला परत आल्यावर काय सांगायचं ते संशोधक ठरवायचे, आणि ते नेहमी खरं नसायचं. निष्कर्ष असा की कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्यानं खाल्लं होतं की नव्हतं यावर ठरत नव्हता. मालक रागावला की तो दिसत होता. न खाल्लेल्या कुत्र्याला रागावलं तरी दिसत होताच. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो तो बहुधा समोरच्याचा राग टाळण्याचा प्रयत्न असतो.

आता गुरगुरण्याबद्दल. हे पत्र लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे, आणि आपल्या खात्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

कुत्रा सहसा एकदम चावत नाही. आधी तो मान वळवतो, ओठ चाटतो, मग अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, मग गुरगुरतो, मग हवेत दात वाजवतो आणि त्यानंतर चावतो. ताटलीतलं खाताना जवळ आलेल्या मुलावर तो गुरगुरतो तेव्हा तो त्याच्या परीनं सांगत असतो की मला भीती वाटतेय, मागे हो. घरातली माणसं घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. पण उपाय म्हणून ट्रेनर त्याला गुरगुरल्याबद्दल बडवतो. दोन-चारदा बडवल्यावर गुरगुरणं बंद होतं. भीती होती तिथेच असते. उलट आता मूल जवळ आलं की मार पडतो अशी एक भर त्यात पडलेली असते. मग एके दिवशी तो कुत्रा कसलाही आवाज न करता मुलाच्या चेहऱ्याला चावतो आणि सगळे म्हणतात, काही कारण नसताना चावला हो, इतका शहाणा होता. तो सांगत होता. आपण त्याला सांगायला बंदी केली.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेघन हेरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वागणुकीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात आलेल्या १४० श्वानपालकांना विचारलं की तुम्ही काय काय उपाय केले आणि त्यावर कुत्रा कसा वागला. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली अशांपैकी ४३ टक्के लोकांनी सांगितलं की कुत्रा अंगावर आला. त्याला जबरदस्तीनं उताणा पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं, आणि नुसतं डोळ्यांत डोळे घालून दटावणाऱ्यांतही ३० टक्के. खाऊ देऊन शिकवणाऱ्यांच्या वाट्याला हा अनुभव क्वचितच आला. आधीच बिघडलेल्या कुत्र्यांची ही पाहणी आहे, सरसकट सगळ्या कुत्र्यांची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण ट्रेनरकडे पाठवले जातात ते कुत्रे नेमके असेच असतात.

चोक चेनचंही तसंच. रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की आपला कुत्रा भुंकतो, म्हणून दर वेळी जोराचा हिसका. गळा आवळला जातो नेमका तेव्हाच, जेव्हा समोर दुसरा कुत्रा असतो. काही आठवड्यांत त्याच्या मनात जोडी पक्की बसते: दुसरा कुत्रा म्हणजे गळ्याला कळ. आधी तो कदाचित खेळायला म्हणून ओढत होता. आता तो खरोखर लढायला ओढतो. मालक जाऊन आणखी जाड साखळी आणतो. या सगळ्यात गळ्याचं काय होतं ते वेगळंच: श्वासनलिका तिथेच असते, आणि पट्टा ओढला की डोळ्यांतला दाब वाढतो, छातीवरच्या हार्नेसनं तो तसा वाढत नाही, हे २००६ साली मोजून झालेलं आहे. काचबिंदूचा धोका असलेल्या किंवा पगसारख्या, मुळातच श्वासाचा त्रास असलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत हा काही तपशिलाचा मुद्दा नाही.

हेरन यांच्या पाहणीच्या ४२ वर्षं आधी, त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, कुत्र्यांवरच एक प्रयोग झाला होता. आज कुणी तो करू देणार नाही. १९६७मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे धक्के दिले की ते काहीही करून थांबवता येऊ नयेत. नंतर त्यांना एका पेटीत ठेवलं. तिथे धक्का चुकवायला मधली बुटकी फळी ओलांडणं पुरेसं होतं. आधी धक्के न खाल्लेली कुत्री चटकन उडी मारायची. धक्के खाल्लेल्यांपैकी बहुतेक तिथेच आडवी झाली आणि धक्के सोसत राहिली. आपण काही केलं तरी फरक पडत नाही, एवढं एकच ती शिकली होती. पट्ट्याला धरून पुन्हापुन्हा पलीकडे ओढून नेल्यावरच ती हळूहळू पुन्हा प्रयत्न करायला लागली. ‘महिनाभर आमच्याकडे ठेवा, सुतासारखा सरळ करून देतो’ असं सांगणाऱ्या केंद्रातून परत आलेला, हाक मारल्याशिवाय जागचा न हलणारा कुत्रा मी पाहते तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. बंद दाराआड त्या महिन्यात काय झालं हे मालकाला माहीत नसतं आणि विचारण्याची सोयही नसते. मला सांगायलाच हवं की हे पाहून मालकाइतका आनंद मला होत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कुत्रा लांडग्याचा वंशज, कळपात एक ‘अल्फा’ असतो, तुम्ही अल्फा झाला नाहीत तर तो होईल. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांनी आणि रील्सनी हा विचार घराघरांत नेला. त्याचा उगम असा की संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या पाहिल्या आणि १९४७ साली त्यावर लिहिलं. अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकानं ती कल्पना आणखी पसरवली. पुढे मीच यांनी कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ साली स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. ‘अल्फा’ वगैरे म्हणायचं काही कारण नाही. स्वतःचंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. ज्यानं ही कल्पना पसरवली त्यानंच ती मागे घेतली, पण आमच्या मैदानांवर ती अजून फी घेऊन विकली जाते. आणि मुळात कुत्रा लांडग्यापासून वेगळा होऊन किमान पंधरा हजार वर्षं झाली. या काळात तो माणसाच्या उष्ट्यावर, माणसाच्या अंगणात, माणसाचा चेहरा वाचत वाढलाय. आमच्या धनगरांच्या मेंढरांमागची कुत्री पाहिली की कळतं, त्यांना कुणी उताणं पाडून अल्फा दाखवत नाही. पिल्लूपणापासून मेंढरांत वाढतात आणि रात्री लांडग्यावर धावून जातात.

आता परिणामांचा हिशेब. मारकुट्या पद्धतीनं कुत्रा निदान जास्त आज्ञाधारक तरी होतो का? ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली ३६४ श्वानपालकांची पाहणी प्रसिद्ध केली. बक्षीस देऊन शिकवलेले कुत्रे जास्त ऐकणारे निघाले. ज्यांच्या शिकवणीत शिक्षा जास्त त्यांच्या वागणुकीच्या तक्रारीही जास्त. पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या संशोधकांनी २०२० साली सात प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास मांडला. शिक्षा वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत, वर्गानंतर, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल जास्त वाढलेलं होतं. त्यातला एक भाग मला विशेष वाटतो. कुत्र्यांना आधी शिकवलं की खोलीच्या एका बाजूच्या वाटीत खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाटीत नसतो. मग वाटी मधोमध ठेवली. प्रेमानं शिकलेली कुत्री तिकडे धावत गेली. सर्वाधिक शिक्षेच्या शाळांतली कुत्री रेंगाळली. समोर काय असेल हे माहीत नसेल तर ते वाईटच असणार, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. वर्ग संपल्यावर, घरी गेल्यावर, एरवीसुद्धा.

शॉक कॉलरवाले म्हणतात की आमचं यंत्र अचूक असतं, हाताच्या माराशी त्याची तुलना नको. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठानं ६३ कुत्र्यांवर तुलना करून घेतली, आणि कॉलर वापरणारे ट्रेनर त्या कॉलरच्या उत्पादकांनीच सुचवलेले होते. साध्या बक्षिसाच्या पद्धतीपेक्षा कॉलरनं काही जास्त साधलं नाही, ताणाच्या खुणा मात्र जास्त दिसल्या. आणि ‘घरगुती कुत्र्याचं ठीक, कामाच्या कुत्र्याला कडकच लागतं’ म्हणणाऱ्यांसाठी बेल्जियमच्या लष्कराचा अभ्यास आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३३ सैनिक-श्वान जोड्या होत्या. जिथे शिक्षा जास्त, तिथे कामगिरी कमी.

पण त्यासाठी बेल्जियमला कशाला जायचं? मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला ‘जंजीर’ आपल्याला आठवत असेल. १२ मार्च १९९३च्या स्फोटांनंतर या लॅब्रडॉरनं शोधून दिलेल्या आरडीएक्सचं वजन तीन हजार किलोंच्या वर भरतं. शिवाय शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब. तो तयार झाला पुण्यात, सीआयडीच्या शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. २०००च्या नोव्हेंबरमध्ये हाडाच्या कर्करोगानं गेला तेव्हा वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यांनी त्याला फुलं वाहिली.

बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याचं काम कसं चालतं ते पाहिलं की काठीचा फोलपणा जितका कळतो तितका कुठल्याच अभ्यासानं कळत नाही. स्फोटकाचा वास आणि लाडका चेंडू यांची जोडी लावून द्यायची. वास सापडला की चेंडू मिळतो. शोध हाच खेळ. सापडल्यावर कुत्र्यानं उकरायचं नाही, भुंकायचं नाही, गुपचूप खाली बसायचं, कारण पंजा लागला तरी स्फोट होऊ शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खऱ्या शोधात बॉम्ब कुठे आहे हे हँडलरला माहीत नसतं. जे माहीत आहे ते फक्त कुत्र्याला. आता समजा सरावात चुकीच्या ठिकाणी बसल्याबद्दल त्याला बडवलं. तो काय शिकेल? खात्री नसेल तर बसू नकोस. सुटकेसमधून येणारा वास पुसट आहे, बसलो आणि चुकलो तर मार, नाही बसलो तर काही नाही. असा कुत्रा शांतपणे पुढे निघून जाईल, आणि त्याच्यामागून चालणारी माणसंही. चूक करायला घाबरणारा कुत्रा सांगण्यासारखं काही सापडलं तरी सांगत नाही. बॉम्बच्या बाबतीत हे आपल्याला चटकन पटतं. घरातल्या गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

मग काय नुसते लाड करायचे? डोक्यावर बसवून घ्यायचं? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी हरल्याचा आनंद आधीच असतो. लाड आणि शिकवणं यांचा काही संबंध नाही. बक्षीस देऊन शिकवणं हे उलट जास्त शिस्तीचं काम आहे, फक्त ती शिस्त माणसाला लागते. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला गुडघा मारण्याऐवजी ‘बस’ शिकवायचं, आणि चारही पाय जमिनीवर असतानाच पाहुण्यानं त्याच्याकडे बघायचं. उडी मारली की पाठ फिरवायची. घरातल्या पाचही माणसांनी. आजोबांनीसुद्धा. इथेच बहुतेक घरांत शिकवणी अडते. बसल्यावर लगेच, दोन सेकंदांनी नव्हे, नखाएवढा पनीरचा किंवा चिकनचा तुकडा. दुसऱ्या कुत्र्यावर भुंकत असेल तर तो ज्या अंतरावर अजून भुंकत नाही तिथे थांबून त्याला खाऊ द्यायचा आणि ते अंतर आठवड्या-आठवड्यानं कमी करत न्यायचं. ताटलीवर गुरगुरत असेल तर लांबून जाता-जाता ताटलीत आणखी चांगलं काहीतरी टाकायचं, की माणूस जवळ आला म्हणजे वाढीव मिळतं. आणि चप्पल फाडत असेल तर चपला कपाटात ठेवायच्या. हे हास्यास्पद वाटेल, पण पिल्लाच्या पहिल्या वर्षातली अर्धी शिकवणी म्हणजे घर आवरणं असते.

हे सारं मी आपल्याला का लिहिते आहे, ते आता.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला मारणं, लाथाडणं, विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज एवढ्यात धड कटिंग चहाही चारचौघांना मिळत नाही. या कायद्याखाली २०१७मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले, २०१८मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे. पैदास करणाऱ्यानं आणि दुकानदारानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. म्हणजे कुत्रा जन्माला घालणारा नोंदलेला, विकणारा नोंदलेला, पाळणाऱ्याकडे महापालिकेचा परवाना. शिकवणाऱ्यासाठी मात्र तशी नियमावली नाही. आज सकाळी कुणीही साखळी विकत घेऊन उद्यापासून ट्रेनर होऊ शकतो.

हा कायदा केंद्राचा, राज्य काय करणार, असं उत्तर आपल्या खात्याकडून येऊ शकतं. पण प्राण्यांवरील क्रूरतेला आळा हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि महाराष्ट्रानं याच कायद्यात २०१७ साली दुरुस्ती केलेली आहे, बैलगाडा शर्यतींसाठी. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती ग्राह्यही धरली. त्या शर्यतींवर माझी मतं वेगळी आहेत, तो वाद आज नको. पण त्या नियमांत बैलावर काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारं साधन वापरायला मनाई आहे. म्हणजे घाटात धावणाऱ्या बैलाला विजेचा धक्का देता येत नाही, आणि फ्लॅटमधल्या बीगलच्या गळ्यात विजेचा धक्का देणारा पट्टा ऑनलाइन मागवून रविवारपर्यंत घरपोच मिळतो. वेल्सनं शॉक कॉलरवर २०१० साली बंदी घातली. जर्मनीत २०२२पासून काट्यांचे पट्टे आणि वेदना देणारी इतर साधनं प्रशिक्षणात वापरायला बंदी आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या वागणूकशास्त्र संघटनेनं २०२१ साली जाहीर भूमिका घेतली की शिकवणी फक्त बक्षिसाच्या पद्धतीनंच व्हावी, अवघड कुत्र्यांचीसुद्धा.

शॉक कॉलर आणि काट्यांचे पट्टे यांच्या विक्रीवर आणि वापरावर राज्यात बंदी घाला, ही पहिली मागणी. दुसरी त्याहून अवघड आहे पण जास्त उपयोगाची: पैदासकारासारखी ट्रेनरचीही नोंदणी करा. नोंदणीच्या वेळी आपण कोणती साधनं आणि कोणत्या पद्धती वापरतो हे त्यानं लिहून द्यावं, ते मालकाला वाचायला मिळावं, आणि प्रत्येक वर्गाला हजर राहण्याचा मालकाला हक्क असावा. कुत्रा ठेवून घेऊन शिकवणाऱ्या केंद्रांची न कळवता तपासणी व्हावी. ज्यांची पद्धत स्वच्छ आहे त्यांना याचा त्रास होणार नाही, झाला तर फायदाच होईल.

बाकी गोष्टी खर्चाच्याही नाहीत. महापालिका परवाना देताना रेबीजच्या लशीचा दाखला मागते. त्याच खिडकीवर मराठीत एका पानाची माहिती देता येईल की पिल्लू गुरगुरलं तर काय करायचं. पशुवैद्यकांच्या पदवी अभ्यासक्रमात वागणूकशास्त्राला जरा मोठी जागा मिळाली तर मालक ट्रेनरच्या आधी डॉक्टरला विचारायला लागतील.

नियमांचा मसुदा करायला समिती नेमाल तेव्हा त्यात पशुवैद्य असतील, वकील असतील, प्राणिमित्र तर असतीलच. एक खुर्ची बॉम्बशोधक पथकातल्या एखाद्या निवृत्त हँडलरसाठी राखून ठेवा. ज्याच्या आयुष्यात कुत्र्याच्या बसण्यावर स्वतःचा जीव अवलंबून होता, त्याला काठीबद्दल काय वाटतं ते समितीनं ऐकायला हवं. ती माणसं गृहखात्याकडची आहेत, तेव्हा आपल्याला तिकडे एक पत्र लिहावं लागेल.

कळावे,
पुण्यातली एक श्वानपालक